पासवर्डचं निमित्त

"अहो, तुम्ही हे मुद्दाम करता का?"

पुण्याहून लतिकाचा आवाज इतका स्पष्ट ऐकू आला की हरीशने क्षणभर मागे वळून पाहिलं... जणू ती स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. दारात कुणी नव्हतं. ओट्यावर सकाळच्या चहाचं एकच छोटं पातेलं होतं, आणि दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात डिसेंबरातलं दहा वाजताचं फिकट ऊन जेवणाच्या टेबलापर्यंत येऊन थांबलं होतं.

"मुद्दाम कशाला करीन?" तो म्हणाला. "गॅसचं बुकिंग करायचं होतं. पासवर्ड काही केल्या लागत नाही."

"मागच्या रविवारी सोसायटीच्या अ‍ॅपचा लागत नव्हता. त्याच्या आधी रेल्वेच्या तिकिटांचा. क्षिप्राने सगळं एका जागी ठेवून दिलंय ना? अंगठा लावायचा आणि 'घर' लिहिलंय ते उघडायचं. माझ्या फोनवर जे दिसतं तेच तुमच्या फोनवर दिसतं, अक्षर न् अक्षर. रविवार असून मी आज कामावर आलेय, समोर चाळीस नमुने पडलेत... आणि तुम्ही मला गॅसचा पासवर्ड विचारताय."

"बरं, बरं. बघतो मी."

"बघतो नाही. शिकून घ्या. की मी जन्मभर तुम्हाला पासवर्डच सांगत बसू?"

फोन बंद झाला. हरीश बराच वेळ तो हातात धरून बसून राहिला. त्याला राग आला नव्हता. रागावण्याइतकं बळच त्याच्या मनात उरलं नव्हतं... कारण गॅसचं बुकिंग त्याने शुक्रवारीच केलं होतं, आणि भरलेलं सिलिंडर काल दुपारी घरात येऊनही पडलं होतं.

त्याला सगळे पासवर्ड ठाऊक होते. अंगठा कसा लावायचा, 'घर' कसं उघडायचं, कुठे बोट टेकवलं की ठिपक्यांची अक्षरं होतात, हे सगळं त्याला पहिल्याच आठवड्यात आलं होतं. अठ्ठावीस वर्षं कोपर्निकस मार्गावरच्या राज्य सरकारच्या सदनात खोल्यांच्या आरक्षणाचं काम करणारा माणूस तो. त्याला एवढं न येण्यासारखं त्यात काय होतं? पण न येण्याचं सोंग घेतलं की लतिकाला फोन करता येई. आणि फोन लागला की पासवर्डच्या मागेपुढे दोन जास्तीची वाक्यं मिळत... जेवलात का, तिकडे धुकं पडलं का, शेजारच्या अलकाचा गुडघा कसा आहे. त्या दोन वाक्यांवर तो पुढचा आठवडा काढत असे.

नुसताच फोन का करत नव्हता तो? स्वतःच्या बायकोला फोन करायला माणसाला कारण लागतं का? पण हरीशला लागत होतं. "करमत नाही" हे दोन शब्द ओठांपर्यंत येत आणि तिथेच विरून जात, कारण ते उच्चारले की काय होईल हे त्याला पक्कं माहीत होतं. लतिका हातातलं सगळं टाकून पुढच्या गाडीने परत आली असती. आणि ते त्याला होऊ द्यायचं नव्हतं. एकदा झालं होतं, तेवढं पुरे होतं.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झालेली, लतिका वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. हरीशच्या दिल्लीच्या बदलीचा हुकूम आला आणि त्याच आठवड्यात पुण्याच्या एका वनस्पती-संग्रहालयातून लतिकाच्या नेमणुकीचं पत्र आलं. रात्रीच्या जेवणाच्या वेळी ती ताटाकडे बघत हळूच म्हणाली होती, "मला ही नोकरी करायला आवडेल." हरीशच्या आईने, कुसुमावतींनी, वाढता वाढता विचारलं होतं, "मग तिकडे याच्या जेवणाखाण्याचं कोण बघणार?" आणि सगळ्यांनी हरीशकडे पाहिलं होतं. त्याने फक्त एक वाक्य बोलायला हवं होतं. तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी लतिकाने नकाराचं पत्र लिहिलं आणि ते पोस्टात टाकायला हरीशच गेला. बदली दोन वर्षांसाठी होती. तिची अठ्ठावीस वर्षं झाली. त्या काळात लतिकाने त्या पत्राचा एकदाही उल्लेख केला नाही. तिने बोलून दाखवलं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं... तिच्या न बोलण्याचाच सल हरीशच्या अंतःकरणात रुतून बसला होता.

गेल्या जूनमध्ये तिची कॉलेजातली मैत्रीण हेमलता हिचा फोन आला. ती नोकरीला होती त्या पुण्यातल्या एका खाजगी संस्थेकडे सह्याद्रीतल्या झाडांचे शंभर वर्षांपूर्वीचे वाळवलेले नमुने होते. त्यांची नोंद संगणकावर करायची होती, आणि जुनं हस्ताक्षर वाचणारं, झाडांची कुळं ओळखणारं माणूस हवं होतं. काम दोन वर्षांचं. "या वयात कुठे जाऊ?" म्हणून लतिकाने विषय बाजूला सारला. पण हरीशने तो पुन्हा जवळ ओढला. "तू जा," तो म्हणाला. "माझ्या निवृत्तीला एकच वर्ष राहिलंय, मग मीही येतो. तोवर मी काय लहान आहे का?" त्याने तिकीट काढलं, बॅग भरली, निजामुद्दीनच्या फलाटावर गाडी हलेपर्यंत हसून हसून बोलत राहिला. खिडकीतला लतिकाचा चेहरा मात्र का कोण जाणे, उतरत गेला होता. प्रवासाच्या तयारीचा शीण असेल, असं त्याला वाटलं. फिरून मेट्रोत बसल्यावर त्याला आयुष्यात प्रथमच कृतार्थ वाटलं होतं. घरी पोहोचून कुलूप काढेपर्यंतच ते टिकलं.

फोनची व्यवस्था क्षिप्राने लावून दिली होती. ती त्यांची एकुलती एक मुलगी; नोकरीला बंगळुरूत, पण वाढलेली सगळी दिल्लीत.

"बाबा, यार, बिल्कुल सिंपल आहे," आई जायच्या आदल्या दिवशी ती दोघांना समोर बसवून म्हणाली होती. "आतापर्यंत सगळे पासवर्ड आईच्या डायरीत होते, अच्छा? आता ती डायरी तुमच्या दोघांच्या फोनमध्ये आणि आईच्या लॅपटॉपमध्ये. आईने तिकडे काही बदललं की तुमच्याकडे आपोआप बदलणार. तुम्ही बदललं की तिच्याकडे. नवीन काही सेव्ह केलंत की ते 'घर'मध्येच जाईल, मी तसं लावून ठेवलंय. आणि हा दुसरा भाग 'वैयक्तिक', तो फक्त तुमचा. त्यात ठेवायचं असेल तर आधी तो निवडायचा. ते आईला नाही दिसणार."

"माझं वैयक्तिक काय असणार?" हरीश हसत म्हणाला होता.

ऑगस्टमध्ये त्या रिकाम्या भागात पहिली नोंद पडली. डोळ्यांच्या हॉस्पिटलची.

मंडी हाऊसच्या मेट्रो स्टेशनात डावीकडून येणारी माणसं त्याला अचानक समोर उगवल्यासारखी वाटू लागली होती. एकदा एका बाईला त्याचा धक्का लागला आणि तिने काय काय ऐकवलं. घरी चहाचा कप टेबलावर ठेवताना तो कडेच्या बाहेर सुटला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो, कडेची नजर आधी जाते, आणि जी जाते ती परत येत नाही. डाव्या डोळ्याचं बरंच गेलं होतं. दोन्ही डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे. त्याने दाब उतरला नाही तर शस्त्रक्रिया.

थेंब घालणं हे एकट्या माणसाचं काम नव्हे. हरीश आरशासमोर मान मागे टाकून बाटली धरी, हात कापे, आणि तिनातले दोन थेंब गालावरून ओघळत. ते पुसायचीही त्याला घाई नसे... बघायला होतं कोण?

डिसेंबरातल्या त्या रविवारनंतर त्याने पासवर्ड विचारणं बंद केलं. लतिकाचाच फोन येई, रविवारी, पाच मिनिटं. "सगळं ठीक ना?" "अगदी ठीक." "अ‍ॅप जमतंय?" "जमतंय." मग दोन्हीकडे शांतता पसरे. ती शांतता कशाने भरावी हे दोघांनाही कळत नसे, आणि मग कुणीतरी म्हणे, "बरं, ठेवते." ऑफिसात तो दिवसभर इतरांना खोल्या देई. कुणाला दोन रात्री, कुणाला तीन, कुणी कुटुंबासह. संध्याकाळी स्वतःच्या घराचं दार उघडताना आत अंधार असे. दिवा लावायच्या आधी तो क्षणभर तसाच उभा राही, कारण त्या अंधारात निदान ती आत झोपली असेल असं मानता तरी येई.

जानेवारीत दाब आणखी वाढला. डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेची तारीख दिली. निदान उजवा डोळा वाचवायला हवा होता. हरीश रजा टाकून, रिकाम्या पोटी, ठरल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचला.

"साथ में कौन आया है, अंकल?" खिडकीतल्या मुलीने विचारलं.

"कोई नहीं. मैं अकेला हूँ."

"अटेंडंट के साइन के बिना सर्जरी नहीं होगी. घर में कोई तो होगा? आंटी? बच्चे?"

"हैं..." हरीश म्हणाला. "सब हैं."

"तो बुला लीजिए. मैं रुकती हूँ."

तो थोडा वेळ बाकावर बसला. कुणाला बोलवायचं? अलकाला सांगावं तर तासाभरात लतिकाला कळलं असतं. क्षिप्राला सांगावं तर पाच मिनिटांत. ऑफिसातल्या माणसाला आपल्या डोळ्यासाठी हात जोडायचे, हे त्याला जमेना. लतिकाच्या कामाचा पहिला टप्पा मार्चअखेर पूर्ण होणार होता, त्याचं छोटंसं प्रदर्शन होतं. तिचं नाव पहिल्यांदाच कुठेतरी छापलं जाणार होतं. मार्चनंतर सांगू... दोन महिन्यांनी असा काय फरक पडतो? तो उठला, खिडकीतल्या मुलीला नमस्कार केला आणि परत आला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, हॉस्पिटलच्या साइटने त्याला जुना पासवर्ड बदलायला लावला. थेंब नुकतेच घातलेले, डोळ्यांपुढे सगळं पाण्याखालून दिसत होतं. नवा पासवर्ड जपून ठेवायचा का, असं फोनने विचारलं. हरीशने 'होय'वर बोट टेकवलं. कोणत्या भागात, ते त्याने पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास तो कुकरला खिचडी लावत होता. दाराची बेल वाजली. दार उघडलं तर समोर लतिका. हातात एक छोटी बॅग, केस विमानप्रवासाने विस्कटलेले, चेहरा थिजलेला.

"काय झालं? तू बरी आहेस ना?"

ती उत्तर न देता आत आली. चपला काढल्या, सरळ फ्रीजकडे गेली, वरच्या कप्प्यात चाचपलं, आणि लोणच्याच्या बरणीमागून ती छोटी पांढरी बाटली काढून त्याच्यापुढे धरली.

"हे किती वाजता घालता?"

"सकाळी आठ... आणि संध्याकाळी आठ."

"कोण घालतं?"

हरीशने कुकरकडे नजर वळवली.

"तुला कुणी सांगितलं?" शेवटी त्याने विचारलं. "अलकाने?"

"तुम्हीच सांगितलंत." तिने आपला फोन त्याच्यापुढे धरला. 'घर'ची यादी उघडी होती. गॅस, वीज, सोसायटी, रेल्वे... आणि सगळ्यांच्या वर हॉस्पिटलचं नाव. "मंगळवारी हे माझ्या लॅपटॉपवर आलं. मला वाटलं, नव्या चष्म्याचं असेल. कामाच्या गडबडीत तीन दिवस बघितलं नाही. काल दुपारी त्या पासवर्डने ते खातं उघडलं. उघडायला नको होतं असं म्हणायचं असेल तर म्हणा. पण आपल्या दोघांच्या जागेत होतं, मी उघडलं. ऑगस्टपासूनचे सगळे कागद आहेत त्यात. सहा वेळा गेलात तुम्ही. आणि शेवटी लिहिलंय, सोबत कुणी नसल्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलली."

ती खुर्चीवर बसली.

"सोबत कुणी नसल्यामुळे," ती पुन्हा म्हणाली. "हे परक्या माणसाने लिहिलेलं मी वाचलं. तुमच्याबद्दल. माझ्याबद्दल."

"तू परत आली असतीस, लतिका." हरीशने ओट्याची कड धरली. "सगळं टाकून. एकदा माझ्यामुळे तुझं राहिलं. ते पत्र मी या हातांनी पेटीत टाकलंय. अठ्ठावीस वर्षं मला ते टोचतंय. पुन्हा तेच व्हायला नको होतं... दोन महिन्यांचा तर प्रश्न होता. तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी केलंत असं म्हणू नका." ती शांतपणे म्हणाली. "हे ओझं मला नको. त्या वेळी तुम्ही गप्प बसलात आणि ठरवलंत की मी जायचं नाही. या वेळी हसून हसून ठरवलंत की मी जायचं. आणि आता ठरवलंत की मला कळूच द्यायचं नाही. तिन्ही वेळा तुम्हीच ठरवलंत. मला कधी विचारलंत?"

कुकरची शिट्टी झाली. दोघांपैकी कुणी हललं नाही.

"फलाटावर तुम्ही इतके हसत होतात," लतिका म्हणाली, "मला वाटलं, सुटले हे. इतक्या वर्षांनी घर यांचं यांना मिळालं. मथुरा येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. समोरच्या बाई विचारायला लागल्या, कुणी गेलं का म्हणून..."

"मी हसलो ते तुला जड जाऊ नये म्हणून."

"जड जायला हवं होतं मला. तुम्ही एकदा म्हणाला असतात ना, लतिका, मला करमणार नाही... तरी मी गेलेच असते. पण ते ऐकून गेले असते."

हरीश तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसला. आपण केला तो त्याग होता, असं त्याने सहा महिने मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं. एकाकीपणाच्या प्रत्येक संध्याकाळी त्याच आधारावर तो उभा राहिला होता. आणि आता समोर बसलेल्या या बाईच्या सुजलेल्या डोळ्यांत त्याला दिसत होतं की आपण तिला काहीच दिलं नव्हतं. तिचं एक माणूस तेवढं तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. त्याने टेबलावर डोकं टेकवलं. कितीतरी वर्षांनी तो हुंदके देऊन रडला, आणि लतिकाने त्याला थांबवलं नाही. फक्त उठून गॅस बंद केला आणि येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सोमवारी दोघं हॉस्पिटलात गेली. लतिकाने कागदावर सही केली. डॉक्टरीणबाईंना तिने एकच प्रश्न विचारला. "अगस्त में ही बता देते, ठीक से दवा पड़ती, तो बायीं आँख बचती?"

डॉक्टरीणबाईंनी आधीचे कागद चाळले, मग हरीशकडे पाहिलं. "पूरी नहीं," त्या म्हणाल्या. "पर इतनी न जाती."

लतिकाने मान हलवली. त्यावर ती तेव्हा काही बोलली नाही, नंतरही कधी बोलली नाही. पण बाहेर पडताना ती चालत चालत त्याच्या डाव्या बाजूला आली आणि तिथूनच त्याचा दंड धरून चालू लागली.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया नीट झाली. क्षिप्राचा फोन आला तेव्हा हरीश डोळ्यावर पट्टी बांधून पलंगावर पडला होता.

"बाबा, आईने मेसेजमध्ये लिहिलंय काचबिंदू. हे काचबिंदू म्हणजे काय आहे? कुणी मला काही सांगेल का, यार?"

"ग्लॉकोमा," हरीश म्हणाला.

मग क्षिप्रा लहान मुलीसारखी रडायला लागली. "मी दोन-दोन फोनमध्ये सगळं सेट करून दिलं," ती म्हणाली. "आणि तुम्ही हे एवढं मोठं बाहेर ठेवलंत." पुढच्या आठवड्यात ती येणार होती, रजा टाकूनच तिने फोन केला होता.

त्या दुपारी लतिका पलंगाशेजारी लॅपटॉप घेऊन काम करत होती. पुण्याहून नमुन्यांचे फोटो येत, ती जुनं हस्ताक्षर अर्धवट मोठ्याने वाचत टाइप करी. झाडाचं नाव, गाव, गोळा केल्याची तारीख. हरीश डोळे मिटून ऐकत होता.

"लतिका," तो म्हणाला, "एक सांगायचंय. मला पासवर्ड येत होते. सगळे. पहिल्यापासून."

टाइप करण्याचा आवाज थांबला नाही. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. विजेच्या खात्याचा पासवर्ड मी चुकीचा भरला होता. दुसऱ्या दिवशी बघते तर दुरुस्त केलेला. खाली लिहिलेलं होतं, बदल करणारा हरीश." तिने पुढचा फोटो उघडला. "आणि त्याच संध्याकाळी तुम्ही मला फोन करून विजेचा पासवर्ड विचारलात."

हरीशच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "मग तू काय केलंस?"

"सांगितला. एकेक अक्षर सांगितलं. तुम्ही लिहून घेतल्यासारखं केलंत."

"मग त्या रविवारी इतकी चिडलीस का?"

आता तिने लॅपटॉप मिटला. "वाट बघून थकले होते. त्या संस्थेच्या पाहुण्यांच्या खोलीत संध्याकाळी मी एकटीच असते हो. हेमा तिच्या घरी जाते. मला वाटलं, चिडले तर निदान खरं बोलाल. म्हणाल, पासवर्ड नकोय गं, बोलायचंय तुझ्याशी... तर तुम्ही म्हणालात, बरं, बघतो."

तिकडेही तेच होतं तर. सहा महिने दोन शहरांत दोन माणसं एकमेकांच्या एका वाक्याची वाट पाहत बसली होती, आणि दोघांनीही ते समोरच्याच्या भल्यासाठी गिळून टाकलं होतं. हरीशने अंदाजाने हात पुढे केला. तो बरोबर तिच्या हातावर पडला नाही, चादरीवर पडला. लतिकानेच आपला हात त्याखाली सरकवला.

"आता तू परत जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला.

"म्हणू नकाच. मी जाणार आहे. तीन आठवडे इथूनच काम करते, मग जाते. प्रदर्शन आहे मार्चमध्ये. मला ते काम आवडतं. फार आवडतं. तुम्ही ऑगस्टमध्ये निवृत्त झालात की तिकडे यायचं. पुढच्या आठवड्यात क्षिप्राही आठ दिवस असेल, आणि मी गेले की थेंब घालायला सकाळ-संध्याकाळ अलका येईल. मी तिच्याशी बोललेय."

"अलकाला सांगितलंस?"

"सगळं सांगितलं. तीही रागावलीय तुमच्यावर. आणखी एक. ते तुमचं 'वैयक्तिक' काय आहे, त्यात काही उरलंय का?"

"नाही. रिकामं आहे."

"राहू दे मग तसंच," ती म्हणाली. "तुम्हाला हवं ते ठेवा त्यात. दुखणं सोडून."

फेब्रुवारीच्या मध्यावर लतिका गेली. निजामुद्दीनला हरीश हसला नाही. गाडी सुटेपर्यंत तो तिच्या खिडकीशी गप्प उभा होता, आणि लतिकाही खिडकीतून त्याच्याकडेच बघत राहिली. क्षिप्रा त्याआधीच बंगळुरूला परतली होती. अलका सकाळी आठाला तिच्या घरचा चहा घेऊन येई, त्याला खुर्चीत बसवी, "भाईसाहब, ऊपर देखो" म्हणे, आणि थेंब एका झटक्यात डोळ्यात पडे. तरीही संध्याकाळी घर तेवढंच रिकामं असे. डाव्या बाजूचं जग जिथे संपलं होतं तिथेच संपत होतं. काही गोष्टी कळून सुटत नाहीत, हेही हरीशला त्या दिवसांत उमगलं.

मार्चच्या पहिल्या सोमवारी तो ऑफिसात होता. जेवणाची सुट्टी झाली, सहकारी उठून गेले. त्याने डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि त्याला पुढे जेववेना. तो फोन घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात आला. बराच वेळ नंबराकडे बघत उभा राहिला. सांगण्यासारखं त्याच्यापाशी काहीच नव्हतं. वीज होती, गॅस होता, डोळ्याचा दाब ठीक होता. त्याने फोन लावला.

"बोला," लतिका म्हणाली. मागे कागदांची सळसळ, कुणाकुणाचे आवाज. "काही अडलं का?"

"नाही, अडलं काही नाही."

"मग?"

हरीशने भिंतीला हात टेकला. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात हे वाक्य त्याने कुणालाही म्हटलेलं नव्हतं, आईलाही नाही.

"मला करमत नाही, लतिका. एवढंच सांगायचं होतं. कामात असशील तर ठेव."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हेमा, मी येते गं थोड्या वेळाने," असं ती म्हणाली. पावलं वाजली, एक दार उघडून बंद झालं, आणि मागची सगळी कुजबूज थांबली.

"बाहेर आलेय मी," लतिका म्हणाली. "सांगा आता."